बार्शी लाईटच्या ठेकेदारानं काढला विमानाचा कारखाना. मालकी सोळा महिन्यांच्या आत गेली, कारखाना मात्र राहिला

लातूर/नांदेड : लातूर-मिरज छोट्या रेल्वेनं पंढरपूरची वारी केलेली माणसं अजून गावोगाव आहेत. अडीच फुटी रुळांवरून डुलत जाणारी ती बार्शी लाईट रेल्वे 1911 साली लातूरला पोचली. आता रूळ रुंद झाले, जुनी गाडी फक्त आठवणीत राहिली. पण या लाईनचा बार्शी ते येडशी हा तुकडा कोणी टाकला, हे फारसं कोणाला माहीत नाही. तो ठेका घेतला होता सोलापूरच्या एका तरुणानं. त्याचं नाव वालचंद हिराचंद. रेल्वेच्या कामातला तो त्यांचा पहिलाच ठेका होता.

याच वालचंदांनी पुढं 1940 साली, दुसरं महायुद्ध पेटलेलं असताना, भारतातला पहिला विमानाचा कारखाना काढला. कंपनीचं नाव हिंदुस्थान एअरक्राफ्ट लिमिटेड. आज ज्याला आपण एचएएल म्हणतो, तेजस लढाऊ विमान जो कारखाना बनवतो, त्याची सुरुवात ही. पण ज्यानं कारखाना उभा केला त्याच्या हातात तो सोळा महिनेही राहिला नाही. सरकारनं तो विकत घेतला, नंतर अमेरिकेच्या फौजेनं चालवला. असं का झालं आणि त्यातून मागं काय राहिलं, हे आपल्या भागानंही समजून घेण्यासारखं आहे. कारण त्याच काळात आपल्या हैदराबाद संस्थानातूनही विमानांसाठी पैसा गेला होता. तो कुठं गेला, तेही पुढं बघू.

कोण होते वालचंद?

वालचंदांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 चा, सोलापूरचा. घराणं मूळ गुजराती जैन, पण सोलापुरात स्थायिक झालेलं. घरचा धंदा कापूस आणि सावकारीचा. त्यात त्यांचं मन रमेना. रेल्वेत कारकून राहिलेल्या लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याबरोबर भागीदारी करून त्यांनी ठेकेदारी सुरू केली. बार्शी लाईटपासून सुरुवात झाली आणि पुढं बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांपर्यंत कामं गेली.

1919 साली त्यांनी साथीदारांबरोबर सिंधिया ही जहाज कंपनी काढली. त्यांचं 'लॉयल्टी' हे जहाज 5 एप्रिल 1919 ला मुंबईहून लंडनला निघालं. तो दिवस आपल्याकडं राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. नाशिक जिल्ह्यातलं रावळगाव आणि इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर ही साखरेची गावंही त्यांनीच उभी केली. जे भारतात बनत नाही ते इथं बनवायचं, हा त्यांचा ध्यास होता. इंग्रज सरकारला मात्र भारतात पक्का माल बनण्यापेक्षा विलायतेचा माल इथं खपण्यात जास्त रस होता. त्यामुळं वालचंदांचं सरकारशी सतत वाजायचं.

विमानात पडली गाठ

1939 साली वालचंद मोटारींच्या कारखान्याची बोलणी करायला अमेरिकेला गेले होते. परत येताना पॅसिफिक महासागरावरून जाणाऱ्या विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होता. जपाननं चीनवर हल्ला केलेला, त्यामुळं त्याचा कारखाना एका गावातून दुसऱ्या गावात हलवावा लागत होता. शेवटी तो ब्रह्मदेशाच्या सीमेजवळ लोइविंग इथं नेला होता.

वालचंदांनी त्याला विचारलं, की असा कारखाना भारतात निघेल का? पॉलीला विमानं जोडायची कला माहीत होती, अमेरिकेतून यंत्रं आणि सुटे भाग आणायची त्याची ओळख होती. वालचंदांकडं भांडवल उभं करायची ताकद होती. दोघांचं जमलं.

अडचण होती ती सरकारची. भारतात विमानं बनवायची गरज नाही, असंच सुरुवातीला सरकारचं म्हणणं होतं. पण 1940 च्या उन्हाळ्यात हिटलरच्या फौजांनी फ्रान्स घेतला. इंग्लंडवरच बॉम्ब पडायला लागले. विलायतेतून भारताला विमानं येण्याची शक्यता उरली नाही, तेव्हा सरकारची भाषा बदलली. कारखाना काढा, विमानं आम्ही घेऊ, असं ठरलं.

बेंगळुरूच का?

कारखाना काढायचा कुठं, हा पुढचा प्रश्न. मुंबई, कलकत्ता ही बंदरं शत्रूच्या जहाजांच्या तोंडावर. आतल्या भागातली, समुद्रापासून लांबची जागा पाहिजे होती. तिथं वीज, पोलाद आणि शिकलेली माणसंही पाहिजे होती.

म्हैसूर संस्थानाकडं हे सगळं होतं. कावेरीवर शिवनसमुद्र इथं 1902 पासून पाण्यावर वीज तयार होत होती. भद्रावतीला लोखंडाचा कारखाना होता. बेंगळुरूला टाटांच्या पुढाकारानं निघालेली विज्ञान संस्था होती. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांना आपल्या राज्यात उद्योग यावेत अशी आस होती. म्हैसूरनं 700 एकर जमीन फुकट दिली आणि वर 25 लाख रुपयांचं भांडवल घातलं.

23 डिसेंबर 1940 ला कंपनीची नोंदणी झाली. वालचंदांबरोबर तुळशीदास किलाचंद आणि धरमसी मुळराज खटाव हे मुंबईचे उद्योगपती होते. 1941 च्या मार्चमध्ये भारत सरकारही भागीदार झालं. त्यामुळं कंपनीत तीन सारखे वाटे झाले. वालचंदांच्या गटाचे 25 लाख, म्हैसूरचे 25 लाख आणि भारत सरकारचे 25 लाख.

विमान बनवलं म्हणजे नेमकं काय केलं?

पहिल्या दिवसापासून इंजिनासकट सगळं बेंगळुरूलाच बनत होतं, असं नाही. नवीन मळणी यंत्र सुट्या भागांत येतं आणि कंपनीचा फिटर येऊन ते जोडून देतो, हे आपण बघतो. सुरुवात तशीच झाली. अमेरिकेतून पेट्या यायच्या. त्यात इंजिन, चाकं, घड्याळं, पत्रे, सांगाड्याचे भाग. बेंगळुरूच्या शेडमध्ये ते जोडायचे. मग हळूहळू पत्रा कापणं, वाकवणं, साचे तयार करणं आणि रिव्हेट मारून पंख बांधणं इथंच सुरू करायचं, असा बेत होता.

रिव्हेट मारणं हे काम ऐकायला सोपं वाटतं. पण विमानाच्या पत्र्यावरचा एक रिव्हेट सैल राहिला तर वरच्या थरथराटानं शेजारचा सैल होतो, आणि मग पत्राच उचकटतो. अशी हजारो रिव्हेटं एका विमानाला लागतात. हे काम भारतात आधी कोणी केलेलं नव्हतं. अमेरिकन कारागिरांनी ते इथल्या पोरांना हाताला धरून शिकवलं.

तीन प्रकारची विमानं ठरली होती. पायलट शिकवायचं हार्लो, लढाईचं कर्टिस हॉक आणि बॉम्ब टाकायचं व्हल्टी. कंपनी नोंदवल्यापासून आठच महिन्यांत, 1941 च्या ऑगस्टमध्ये, पहिलं हार्लो विमान तयार झालं. माळावर शेड बांधण्यापासून सुरुवात होती हे लक्षात घेतलं तर हा वेग मोठाच म्हणायचा. पहिलं हॉक लढाऊ विमान 31 जुलै 1942 ला उडालं. पण तोपर्यंत वालचंद मालक राहिले नव्हते.

सरकारनं कारखाना का घेतला?

1941 च्या डिसेंबरात जपाननं अमेरिकेच्या पर्ल हार्बरवर हल्ला केला. पुढच्या फेब्रुवारीत सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून पडलं. युद्ध भारताच्या दारात आलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तर कोलंबोवर आणि आपल्या विशाखापट्टणमवर जपानी बॉम्ब पडले.

कारखान्यावर याचे दोन परिणाम झाले. एक म्हणजे अमेरिकेतून येणाऱ्या पेट्यांचा समुद्रमार्ग धोक्यात आला. सुटे भाग वेळेवर येईनात, मग जोडणार काय? दुसरं म्हणजे फौजेची गरजच बदलली. तयार विमानं अमेरिकेहून मोठ्या संख्येनं यायला लागली होती. ती लढाईत मोडत होती, त्यांची इंजिनं घासत होती. ती दुरुस्त करायला जवळ कुठं जागा नव्हती. नवीन दहा-वीस विमानं जोडण्यापेक्षा मोडलेली शेकडो विमानं परत उडवणं सरकारला जास्त गरजेचं वाटलं.

दुरुस्तीचा कारखाना खासगी मालकाच्या हातात नको, तो थेट आपल्या ताब्यात पाहिजे, असं सरकारनं ठरवलं. 2 एप्रिल 1942 ला वालचंद आणि त्यांच्या साथीदारांचा वाटा सरकारनं विकत घेतला. म्हैसूरनं आपला वाटा ठेवला, पण युद्ध संपेपर्यंत कारभारात लक्ष घालायचं नाही, हे मान्य केलं.

वालचंदांना नाही म्हणायला जागा होती का? हे समजायला आपल्याकडचं उसाचं उदाहरण पुरे. ज्या भागात एकच साखर कारखाना आहे, तिथल्या शेतकऱ्याचा ऊस कितीही चांगला असो, भाव आणि तोडीची तारीख कारखानाच ठरवतो. वालचंदांच्या विमानांना गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे सरकार. पेट्या आणायला परवाना देणारं सरकार. कारखान्यात भागीदार तेही सरकारच. गिऱ्हाईक, परवानेवाला आणि भागीदार एकच असल्यावर मालकाची मालकी कागदावरचीच राहते. पैसे मिळाले, पण स्वप्न हातातून गेलं.

अमेरिकन फौजेचे दिवस

सप्टेंबर 1943 मध्ये कारखान्याचा कारभार अमेरिकेच्या हवाई दलाकडं गेला. ब्रह्मदेश आणि चीनच्या आघाडीवरची विमानं दुरुस्तीला बेंगळुरूला येऊ लागली. पाण्यावर उतरणारी कॅटलिना विमानं जवळच्या बेळंदूर तलावात उतरवायचे आणि तिथून कारखान्यात न्यायचे. सामान वाहणारी डाकोटा, बॉम्ब टाकणारी मिचेल, असली नाना विमानं इथं उघडली आणि परत बांधली गेली.

नवीन विमान बनवायचं काम थांबलं खरं. पण हजारो भारतीय कामगारांचा हात याच काळात बसला. इंजिन पूर्ण खोलायचं, प्रत्येक भाग मोजायचा, झिजलेला बदलायचा, परत बांधायचं आणि चालवून बघायचं. मेकॅनिकच्या हाताखाली राहिलेल्या पोराला कळेल, की अशा कामात माणूस जेवढा शिकतो तेवढा नवीन भाग जोडताना शिकत नाही.

गडहिंग्लज तालुक्यातला इंजिनिअर

या कारखान्यात सुरुवातीलाच दाखल झालेला एक मराठी माणूस होता. डॉ. विष्णू माधव घाटगे. गाव हसूर चंपू, तालुका गडहिंग्लज, जिल्हा कोल्हापूर. जन्म 1908 चा. खेड्यातून शिकत शिकत ते जर्मनीच्या गटिंगन विद्यापीठात पोचले. हवेच्या प्रवाहाच्या शास्त्रातला जगातला मोठा माणूस लुडविग प्रांटल, त्यांच्या हाताखाली घाटगेंनी 1936 मध्ये डॉक्टरेट मिळवली.

युद्धाच्या काळातच त्यांनी कारखान्यासाठी दहा माणसं बसतील असं ग्लायडर आखलं. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. दुसऱ्या विमानाच्या मागं दोरानं बांधून ते वर न्यायचं आणि सोडून द्यायचं, मग ते तरंगत खाली येतं. असं एकच ग्लायडर बनलं. पण कागदावरच्या पहिल्या रेघेपासून भारतात आखलेलं ते पहिलं मोठं काम होतं.

स्वातंत्र्यानंतर घाटगेंच्या हाताखाली एचटी-2 हे पायलट शिकवायचं विमान तयार झालं. ते 1951 च्या ऑगस्टमध्ये उडालं. भारतात आखलेलं आणि भारतात बांधलेलं हे विमान हवाई दलानं वापरलं. पुढं पुष्पक, कृषक, किरण अशी विमानं आली. घाटगेंना 1965 मध्ये पद्मश्री मिळाली.

भंगारातून उठवलेली विमानं

युद्ध संपल्यावर 1945 मध्ये अमेरिकन निघून गेले आणि कारखान्यापुढं पोट भरायचा प्रश्न उभा राहिला. लढाई नाही तर विमानाला काम नाही. अशा वेळी या कारखान्यानं चक्क रेल्वेचे डबे आणि बसच्या बॉड्या बनवल्या. विमानाचा पत्रा वाकवणाऱ्या हातांना डब्याचा पत्रा वाकवणं जड नव्हतं. बार्शी लाईटच्या ठेकेदारानं काढलेला विमानाचा कारखाना शेवटी रेल्वेच्याच कामावर तगला.

याच काळातलं एक काम मात्र दंतकथेसारखं आहे. इंग्रज जाताना कानपूरच्या तळावर लिबरेटर नावाची मोठी चार इंजिनांची बॉम्बर विमानं टाकून गेले होते. ती परत कोणाला वापरता येऊ नयेत म्हणून त्यांची मोडतोड केली होती. सांगाडे ठोकलेले, इंजिनांत वाळू घातलेली. एचएएलच्या लोकांनी कानपूरला जाऊन त्यांतली जी उडण्याजोगी करता येतील ती केली, तशीच उडवत बेंगळुरूला आणली आणि तिथं पूर्ण दुरुस्त केली. अशी चाळीसच्या आसपास विमानं उभी राहिली. 1948 च्या नोव्हेंबरात त्यांच्या जोरावर हवाई दलाची नवी तुकडी तयार झाली आणि ही विमानं 1968 पर्यंत चालली. अमेरिकन काळात शिकलेला हात नसता तर ते भंगार भंगारच राहिलं असतं.

आणि आपल्या भागातला पैसा?

1940 साली नांदेड जिल्हा आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेलं लातूर, दोन्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. निजामानंही विमानांवर पैसा खर्च केला. पहिल्या महायुद्धात 1918 साली त्यांनी इंग्रजांच्या हवाई दलाला विमानं भेट दिली, त्या तुकडीचं नावच 'हैदराबाद' पडलं. दुसऱ्या महायुद्धातही तसंच. 152 नंबरच्या तुकडीची स्पिटफायर विमानं 1940 मध्ये इंग्लंडच्या आकाशात जर्मनांशी लढली. त्या तुकडीचं नाव 'हैदराबाद' आणि तिच्या बिल्ल्यावर चित्र निजामाच्या पगडीचं.

हा पैसा आभाळातून आला नव्हता. संस्थानच्या तिजोरीत मोठा वाटा शेतसाऱ्याचा, आणि त्यात मराठवाड्याच्या काळ्या रानातल्या कापूस-ज्वारीचाही हिस्सा होता.

हैदराबाद संस्थानात कारखाने निघालेच नाहीत, असं म्हणणं खोटं ठरेल. नांदेडची उस्मानशाही मिल त्याच राजवटीतली. हैदराबादजवळही युद्धाच्या काळात बसच्या बॉड्या आणि हत्यारं बनवणारे कारखाने उभे राहिले. पण विमानापुरतं बघायचं तर दोन संस्थानांचा हिशोब समोर ठेवता येतो. हैदराबादनं तयार विमानं इंग्रजांना भेट दिली. ती लढली, पडली, संपली. म्हैसूरनं 700 एकर जमीन आणि 25 लाख रुपये कारखान्यात घातले. मालक बदलले, राज्य बदललं, पण जमीन, शेड आणि शिकलेली माणसं तिथंच राहिली. 1942 च्या डिसेंबरात तिथल्या विज्ञान संस्थेत विमान इंजिनिअरिंगचा विभाग निघाला. 1964 मध्ये कंपनीचं नाव हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड झालं. त्या एका कारखान्याभोवती बेंगळुरू विमानाचं शहर झालं.

पुढं काय झालं?

वालचंद थांबले नाहीत. विशाखापट्टणमला त्यांनी जहाजाचा कारखाना काढला. तिथं बांधलेलं 'जलउषा' जहाज 14 मार्च 1948 ला पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. पुढं तोही कारखाना सरकारकडं गेला. 1944 मध्ये त्यांनी मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी त्याच कंपनीची. 8 एप्रिल 1953 ला वालचंद गेले.

एचएएलनं शेतकऱ्यासाठीही एक विमान काढलं होतं. त्याचं नाव बसंत. पिकावर औषध फवारण्यासाठी. ते पहिल्यांदा उडालं 1972 साली, आपल्याकडं दुष्काळ पडला होता त्या वर्षी. मोजकीच विमानं बनली आणि काम बंद झालं. आज सोयाबीनवर ड्रोननं फवारणी करताना ते नाव कोणाला आठवत नाही.

आपल्यासाठी यात काय?

लातूरजवळ हरंगुळला रेल्वेच्या डब्यांचा कारखाना उभा आहे. 2018 च्या मार्चमध्ये भूमिपूजन झालं, 2020 च्या डिसेंबरात पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. आता वंदे भारतच्या स्लीपर गाड्या तिथं बांधायच्या ठरल्या आहेत. कारखाना कोणी आणला, ठेका कोणाला गेला, यावर चौकाचौकात वाद चालतात. ते चालू द्या. पण बेंगळुरूचा हिशोब बघितला तर विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. आत वेल्डिंग कोण करतंय? तपासणीला कोण उभं आहे? औसा, चाकूर, अहमदपूर, लोहा, कंधारची किती पोरं हेल्पर म्हणून लागली आणि किती कारागीर झाली? आपल्या आयटीआयमधली यंत्रं त्या कामाच्या जवळपास जाणारी आहेत का?

ग्रामसभेत, पालक मेळाव्यात आमदार-खासदार येतात तेव्हा हे विचारता येतं. आणि ज्या घरात फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियनचा आयटीआय केलेला मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एचएएलचा मोठा कारखाना नाशिकजवळ ओझरला आहे, आणि तिथं आयटीआयवाल्यांना अप्रेंटिस म्हणून घेतात. जाहिरात कंपनीच्या आणि सरकारच्या अप्रेंटिस संकेतस्थळावर येते. अर्ज करताना मध्यस्थाला पैसे द्यायची गरज नाही.